भाग न जाणारा मीटर

आमच्या साडभाऊंइतका आकड्यांना जपणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही. असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो अजून पाहुण्यांसमोर आणलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे हिवरखेडचे, राहणार बडनेरा, आयुष्य गेलं रेल्वेच्या पार्सल हापिसात. नवा माणूस भेटला की चारचौघं त्याचं गाव विचारतात, शेती किती ते विचारतात, पोरगं कुठं लागलं ते विचारतात. साडभाऊ त्याच्या गाडीच्या पाटीकडे पाहतात. गाडी नसेल तर खिशातून डोकावणाऱ्या तिकिटाकडे, आणि तेही नसेल तर सरळ चपलेचा नंबर विचारतात. मग डोळे मिटतात, ओठ हलतात, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून मालगाडीसारखा सरकतो आणि निकाल लागतो: "तिनानं भाग जाते." हे ते अशा आवाजात सांगतात की समोरच्याला वाटावं, आपल्या रक्ताचा रिपोर्ट आला.

गणितानं मला शाळेतच सोडचिठ्ठी दिली होती. तरी मूळ संख्या म्हणजे काय, हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही, कारण ती त्यांनी मला अकोल्याला जुन्या शहरातल्या एका लग्नात खुर्च्या मांडून समजावली. मांडवातल्या बारा खुर्च्या त्यांनी ओढून घेतल्या. दोन रांगा लावल्या, मग तीन लावल्या, मग चार. प्रत्येक वेळी सारख्या. मग तेरावी खुर्ची आणून ठेवली आणि मला म्हणाले, "आता लावा रांगा." मी घाम निघेपर्यंत लावल्या. कुठं एक उरे, कुठं एक कमी पडे. "नाई लागत ना? एकच लांबच्या लांब रांग, नाईतं गचाळा. हे मूळ. कोनाच्या बापाले सारखी वाटून घेता येत नाई." तोवर ज्यांच्यासाठी त्या खुर्च्या मांडल्या होत्या ते नवरदेवाचे मामा उभे राहून राहून रुसले होते. त्यांची समजूत काढायलाही साडभाऊच गेले. म्हणाले, "मामाजी, तेराव्या खुर्चीवर तुमीच बसा. तुमच्यापायीच तं ते मूळ झाली." मामांना यात आपला मान झाला की अपमान, हे ठरवता येईना, म्हणून ते बसले.

पुढे कळलं, की हे तर नुसतं दार होतं. आत मोठा संसार होता. साडभाऊंच्या लेखी प्रत्येक संख्या म्हणजे एक घर, आणि तिला ज्यांनी भाग जातो ते त्या घरचे कमावते. "बाराचं घर पाहा. एक, दोन, तीन, चार, सहा. बेरीज करा, सोळा. बाराच्या घरात सोळा, म्हंजे वरनावर तूप तरंगून रायलं. आता दहाचं पाहा. एक, दोन, पाच. आठच. म्हंजे वरनात पानी." आणि अठ्ठावीस? अठ्ठाविसाचं नाव काढलं की त्यांचा आवाज कीर्तनाला बसल्यासारखा मऊ होतो. एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज बरोबर अठ्ठावीस. ना उणं ना उतू. याला ते परिपूर्ण संख्या म्हणतात. आणि मूळ संख्येच्या घरात कमावता कोण? फक्त एक. "एकटा जीव," साडभाऊ म्हणत, "पन कोनाच्या मिंध्यात नाई."

माझं लग्न जमलं ते या परिपूर्णतेपायी. सासरे मला पाहायला आमच्याकडे अकोल्याला आले, तेव्हा मोठे जावई म्हणून साडभाऊ सोबत होते. सगळे आत पोहे खात माझी उलटतपासणी घेत होते, आणि हे बाहेर ओट्याजवळ माझ्या स्कूटरसमोर उकिडवे बसलेले. खूप वेळानं आत आले. डोळ्यांत पाणी. सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, पोरगा कसा हाय ते मंग पाहू. गाडी परिपूर्ण हाय. दहा हजाराच्या आत असे चारच सापडतात." स्कूटरचा नंबर होता ८१२८. सासऱ्यांना वाटलं, जावयानं इंजिन उघडून पाहिलं. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. पुढे ती स्कूटर उतारावरसुद्धा ढकलावी लागायला लागली, म्हणून मी विकली, तर साडभाऊ कित्येक दिवाळ्या माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच बोलले: "साजूक तूप इकून वनस्पती आनलं तुमी."

एरवी राग त्यांना माणसांचा कधी येत नाही, आकड्यांचा येतो. एक्याण्णववर तर त्यांचा जुना दात आहे. "दोनानं नाई, तिनानं नाई, पाचानं नाई. दिसते साधू. आन् सातानं मुकाट भाग जाते!" त्यांच्या शेजारी एक होऊ घातलेले नगरसेवक राहतात, म्हणजे ते गेली अनेक वर्षं होऊच घातलेले आहेत. त्यांनी मोठी खटपट करून गाडीला १००१ नंबर मिळवला आणि पेढे घेऊन आले. साडभाऊंनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उघडून म्हणाले, "सात, अकरा आन् तेरा. तिघायनं वाटून खाल्लेला हाय." नगरसेवकांनी चमकून आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "कोन कोन तिघं? नावं सांगा."

हे वेड पाट्यांपुरतं राहिलं असतं तर ऐकणाऱ्यांची करमणूक झाली असती, एवढंच. पण ते घरात शिरलं होतं, आणि घरात अक्का होत्या. अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. या नात्याला आमच्याकडे आकडसासू म्हणतात; शब्द माझा नाही, माझ्या आधीपासून आहे. त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा साडभाऊ बडनेऱ्यात भाड्याचं घर पाहत होते. माणसं घर घेताना पाणी पाहतात, मोरी पाहतात, स्वयंपाकघरात उजेड आहे का पाहतात. साडभाऊ दाराशेजारचा विजेचा मीटर पाहायचे. मीटरवर नंबर असतो, आणि ज्या घराच्या कपाळावरच्या नंबराला भाग जातो त्या घरात त्यांना झोप लागत नसे. पहिल्या घराला तिनानं भाग गेला, घर सोडलं. दुसऱ्याला सतरानं गेला. त्या घरात नळाला दिवसभर पाणी होतं, पण सतरापुढे पाण्याचं काय चालतं? सोडलं. तिसऱ्याची भानगड सापडायला बराच वेळ लागला, तेवढ्यात अक्कांनी परसात मेथी लावली. मेथी वर आली आणि भागही गेला. मेथी तिथंच राहिली. प्रत्येक वेळी हातगाडीवर डबे, गाद्या आणि सगळ्यांच्या वर तुळस. ती तुळस त्या काळात इतकी फिरली, की तिला मंजिऱ्यांऐवजी चाकं फुटतात की काय अशी अक्कांना भीती वाटायची.

चौथं घर म्हणजे आत्ताचं. अंगणात विहीर, विहिरीवर कडुलिंबाची सावली, आणि दाराशेजारी मीटर: १२०४५३७. बारा लाख चार हजार पाचशे सदतीस. साडभाऊंनी तो पाहिला आणि हातातली पिशवी खाली ठेवली. लहानसहान आकड्यांनी त्याला भाग जाईना. मग दोघं नवराबायको रीतसर कामाला लागले. साडभाऊंनी अक्कांना समजावलं, की हा फुटलाच तर दोन तुकड्यांतला एक तरी अकराशेच्या आत सापडणार. तेव्हा अकराशेच्या आतली एकूणएक मूळ संख्या लावून पाहायची. काम वाटून घेतलं. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्या एक, तीन, सात नाहीतर नऊ यांनीच संपते. एक आणि तीनवाले साडभाऊंचे, सात आणि नऊवाले अक्कांचे. अक्का भागाकाराला पक्क्या होत्या. संध्याकाळी जेवणं झाली की दोघं फरशीवर खडू घेऊन बसत. हे ओसरीकडून, त्या चुलीकडून. सकाळी अक्का फरशी पुसत आणि रात्रीचं गणित पाण्यासोबत मोरीत जाई. असं करता करता साडभाऊंचे संपले. एकानंही भाग गेला नव्हता. अक्कांचे संपायची वाट पाहत ते खांबाला टेकून बसले. शेवटी अक्कांनी खडू खाली ठेवला.

"तुयं काय?" साडभाऊंनी विचारलं.

"नाई जात," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पार्सल हापिसात जिलबी वाटली गेली. मूल झालं की काय म्हणून लोक अभिनंदन करायला लागले, तर हे म्हणाले, "मूळ झालं." त्याच दिवशी त्यांनी अक्कांसमोर शपथ घेतली: हा मूळ नंबर इथून हालला तर आपणही हालू. घर पुढे विकत घेतलं. मूलबाळ झालं नाही. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही. सकाळी अंघोळ झाली की साडभाऊ आधी देवाला आणि मग मीटरला हात जोडत, आणि मीटरची काच धोतराच्या सोग्यानं पुसत. अधूनमधून मीटर बदलायला माणसं यायची. साऱ्या गल्लीचे मीटर बदलले. इथं मात्र त्यांना चहा मिळायचा, चिवडा मिळायचा आणि मूळ संख्येवर व्याख्यान मिळायचं. व्याख्यान सुरू झालं की ती शिडी उचलून निघून जायची.

पण आता स्मार्ट मीटर आले. ते बसवणारी पोरं चहा पीत नाहीत. त्यांनी पेटी उघडली तेव्हा साडभाऊ दारात हात पसरून उभे राहिले. म्हणाले, "आधी मले काढा, मंग याले." हे शेजारच्या होऊ घातलेल्या नगरसेवकांनी गच्चीवरून पाहिलं आणि त्यांना आपली पुढची निवडणूक दिसली. नवे मीटर नकोत म्हणून सारी वस्ती आधीच धुमसत होती. संध्याकाळपर्यंत कृती समिती झाली आणि साडभाऊ अध्यक्ष झाले. मारुतीच्या पारावर सभा भरली. गर्दी अशी, की कडुलिंबावरचे बगळेसुद्धा सरकून बसले. साडभाऊ उठले आणि म्हणाले, "भावांनो, नवीन मीटरचा नंबर मी पायला. त्याले भाग जात असन तं तुमी काय करसान?" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कशाला केला ते कोणालाच माहीत नव्हतं, पण माणूस तळमळीनं बोलतो हे दिसत होतं.

इकडे अकोल्यात माझ्या बायकोला अक्कांचा फोन आला. अक्का सहसा फोन करत नाहीत. म्हणाल्या, "मीटर गेला तं घर सोडतो म्हनून रायले. हिवरखेडले जाऊन राहू म्हनतात. या वयात मी आता कुठं तुळस घेऊन फिरू?" बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी पुढच्या गाडीत बसलो.

अमरावतीच्या वीज कचेरीत आम्ही तिघं गेलो: साडभाऊ, मी आणि निवेदनाची गुंडाळी धरलेले नगरसेवक. समोर एक तरुण बाई इंजिनिअर होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "काका, तक्रार बिलाची आहे ना?"

"बिलाचं मले काय करा लागते?" साडभाऊ म्हणाले. नगरसेवकांना ठसका लागला. "बाई, माझा नंबर मूळ हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता हसतील, मग आम्हाला बाहेर काढतील, असं मला वाटलं. पण त्या पुढे झुकल्या. म्हणाल्या, "खरंच? सांगा बघू." साडभाऊंनी गुरुमंत्र सांगावा तसा तो हळू आवाजात सांगितला. बाई म्हणाल्या, "मीटर तर बदलावाच लागेल, काका, ते माझ्या हातात नाही. पण खरोखर मूळ असेल तर जुन्या नंबरची पाटी नव्या पेटीवर लावायची परवानगी मी मिळवून देते. कॉलेजात मलाही फार आवडायच्या मूळ संख्या." साडभाऊंचा चेहरा असा उजळला की कचेरीतले दिवे मालवले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "तपासा ना. आमी दोघायनं मिळून तपासला हाय."

बाईंनी मोबाइलवर बोटं फिरवली. जे काम दोघांनी कितीतरी संध्याकाळी घालून केलं होतं, त्याला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. बाईंचं हसू गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल साडभाऊंपुढे धरला. साडभाऊंनी तो लांब धरून वाचला. डोळे मिटले. अंगठा पेरांवर चालू लागला आणि मध्येच थांबला. "बराबर हाय," ते म्हणाले आणि मोबाइल दोन्ही हातांनी परत केला.

बडनेऱ्याला येईपर्यंत ते ऑटोत दाराशी बसून होते. बाजूनं शेकडो गाड्या गेल्या, त्यांनी एकाही पाटीकडे पाहिलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

घरी अक्का ओसरीवर सुपात मूग निवडत होत्या. साडभाऊ खांबाला टेकून बसले. कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मीच म्हटलं, "अक्का, मीटरला भाग जातो म्हणे."

अक्कांनी मान वर केली नाही. एक खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाल्या, "आठशे एकोनतीसनं."

विहिरीवरचा रहाट नसता करकरला तर जग बंद पडलं असं मी शपथेवर सांगितलं असतं. कारण मोबाइलवर हाच आकडा होता.

"तुले मालूम होतं?" साडभाऊंनी विचारलं.

"नऊवाले माझ्याकडंच होते ना."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू?" अक्कांनी सूप खाली ठेवलं. "हे चौथं घर होतं. सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी हातगाडी आनली असती तुमी. मले इथलं पानी गोड लागलं होतं. आन् तुमी असे बसले होते खांबाले टेकून, आता बसले तसेच, जसा काई मॅट्रिकचा रिझल्ट लागून रायला. म्हनलं, जाऊ द्या. नाई जात."

"म्हंजे इतके वर्ष मी संयुक्त संख्येले हात जोडून रायलो?"

"जोडले तं जोडले. काय बिघडलं? लाइन तं बराबर येत होती."

साडभाऊंनी विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भागाकार काय आला होता?"

"चौदाशे त्रेपन्न."

पुन्हा डोळे मिटले. अंगठा या वेळी सावकाश चालला, वयस्कर माणूस जिना चढतो तसा, पण शेवटच्या पेरापर्यंत गेला. "हाबी मूळच हाय," ते म्हणाले. "आठशे एकोनतीसबी मूळ. म्हंजे दोघंच. दोघायच्या आत तिसरं कोनी नाई."

"तिसरं कोन असनार हाय?" अक्का म्हणाल्या. "बसा. चहा ठेवते."

चहा पिताना मी भीत भीत विचारलं, की मग घराचं काय? साडभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दुसरी स्कूटर विकली. म्हणाले, "घराचं काय? मूळ नंबर हालला तं हालू, असं म्हनलं होतं. मूळ नंबर इथं कधी होताच कुठं?" तर्क चोख होता. अक्कांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की काय केलं ते दिसलं नाही.

पोरं पुन्हा आली तेव्हा साडभाऊंनीच शिडी धरली. अक्कांनी जुन्या मीटरला कुंकू लावलं आणि तो उतरवून घेणाऱ्या पोराच्या हातात नारळ दिला. पोरगं गोंधळून त्यांच्या पाया पडलं. कृती समितीच्या अध्यक्षानंच नवा मीटर बसवून घेतला म्हणून नगरसेवक तावातावानं आले. साडभाऊ त्यांना म्हणाले, "काय करता, बाप्पा. तुमचा तसाच माझाबी निघाला. फक्त माझ्यात भागीदार एक कमी हाय."

आता मी बडनेऱ्याला गेलो की दोघं ओसरीवर दिसतात. नव्या मीटरचा नंबर जुन्यापेक्षा बराच लांबलचक आहे. फरशीवर बसायला अक्कांचे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून लिहायच्या पाट्या आणल्या आहेत. एक आणि तीनवाले ह्यांचे, सात आणि नऊवाले त्यांचे. साडभाऊ हातचा विसरतात, अक्का न पाहता सांगतात, "हातचे दोन." ज्या वेगानं चाललंय त्या वेगानं हे काम संपायला बहुधा आणखी एखादा जन्म लागेल. मागच्या खेपेला, अकोल्याची गाडी यायला वेळ होता म्हणून, बडनेऱ्याच्या फलाटावर उभ्या उभ्या मी तो नंबर मोबाइलमध्ये घातला. उत्तर लगेच आलं. ते मी इथं लिहिणार नाही, आणि नंबरही लिहिणार नाही. तुमच्यापैकी एखादा उत्साही निघायचा आणि फोन करून त्यांना सांगायचा.

परवा गेलो तेव्हा साडभाऊ आत चष्मा शोधत होते. अक्का मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. मागे वळून एकदा ओसरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी पाहून घेतलं ना मोबाइलात?"

मी मोबाइल खिशात आणखी खोल सरकवला.

"सांगू नका," अक्का म्हणाल्या. "माझे नऊवाले अजून लय बाकी हायेत."